बावीस मिनिटांचा सांगकाम्या

घोरावाडी,
७ जानेवारी २०२५

आदरणीय हमीदभाई,
सलाम आणि सप्रेम जयभीम.

घोरावाडीहून मळवलीला लोकलने अर्धा तास लागतो आणि टपालाला चार दिवस, तरी पत्रच लिहितो आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि समोर बसून बोलायचं तर मला इतकं ओरडावं लागतं की आपलं खासगी बोलणं भाजे गावापर्यंत जातं. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची चौकशी तुमच्या स्टेशनवरच्या चहावाल्याने केली होती.

बातमी मोठी आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन. माझ्या माजी विद्यार्थ्यांनी तळेगावात एक सभागृह घेतलंय आणि तिथे मोठ्या पडद्यावर 'अवकाशातली दोरी' दाखवणार आहेत! परदेशात कुणीतरी त्याची जुनी प्रिंट धुऊनपुसून स्वच्छ केली म्हणे. माझी लेक तेजल पुण्यात चित्रपटांच्या सबटायटलचं काम करते. या वेळची मराठी सबटायटलं तीच लिहिते आहे. चित्रपटाआधी 'हा चित्रपट थोर का' या विषयावर मी वीस मिनिटं बोलायचं आहे. आणि प्रमुख पाहुणे तुम्ही.

हल्लीच्या मुलांना सगळं सुरुवातीपासून सांगावं लागेल. १९८२ साली लोणावळ्याच्या मनोरमा टॉकीजला हा इंग्रजी चित्रपट एक आठवडा लागला होता. इंग्रजी कुणालाच समजत नव्हतं, म्हणून प्रोजेक्टरच्या मशीनवर बसणारे हमीद तांबोळी माईक घेऊन मराठीत गोष्ट सांगत. सांगायचं काम करणारा म्हणून लोक तुम्हाला 'सांगकाम्या' म्हणायचे, आणि तुम्हीही हसून ओ द्यायचात. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि इंदुरीहून चार वेळा आलो होतो. त्यानंतर हा चित्रपट मी पाहिलेला नाही. तेजल म्हणते लॅपटॉपवर बघा. मी म्हटलं, चंद्राच्या मागे गेलेली माणसं मी वहीएवढ्या काचेत बघणार नाही.

ते वाक्य आजही पाठ आहे. साथीदाराचा दोर यानाबाहेर अडकतो, तेव्हा आतला कप्तान म्हणतो: "निघालो दोघं, परतणार दोघं." त्या वाक्यावर मी आयुष्य ठरवलं, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. चौऱ्याऐंशी साली दक्षिणेतल्या रॉकेटच्या केंद्रात माझी निवड झाली होती. पण माझ्या थोरल्या भावाचा, भागुजीचा, पाय खडीच्या खाणीत गेला होता, त्याला टाकून मी गेलो नाही. शाळेत मास्तर झालो. चौतीस वर्षं दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना ही हकीकत सांगितली.

तेव्हा या. नाही म्हणू नका.

आपला,
हनुमंत ओव्हाळ

*

मळवली,
१३ जानेवारी २०२५

मास्तर,
सलाम आणि जयभीम.

पत्र मिळालं. चहावाल्याला मी काही सांगितलं नव्हतं, त्याला कान आहेत हा माझा दोष नाही.

तू मला प्रमुख पाहुणा करतोस, बरं वाटलं. पण एक सांगतो, राग धरू नकोस. तो सिनेमा काही एवढा थोर नाही. तू चार वेळा पाहिलास. मी सात दिवस, रोज तीन खेळ, असा एकवीस वेळा पाहिलाय, तेव्हा माझं ऐक. पहिला पाऊण तास दोन माणसं यानात बसून बटणं दाबतात. मग त्यातला एक दाढी करतो. दाढी, मास्तर! एवढं चंद्राच्या मागे जायचं आणि दाढी करायची, ती मळवलीत होत नाही का? इंटरव्हलनंतर तर बावीस मिनिटं कुणी तोंडच उघडत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. पहिल्या दिवशी पब्लिकने खुर्च्या वाजवल्या, तेव्हाच मालकाने माझ्या हातात माईक दिला, "हमीद, कायतरी बोल, न्हाईतर माझ्या खुर्च्या जातील."

परदेशातल्या शहाण्यांनी तो डोक्यावर घेतला, कारण त्यांनाही तो कळला नसणार. आपल्याला कळलं नाही असं मोठी माणसं म्हणत नाहीत, थोर आहे म्हणतात. आता त्याला चाळीस वर्षं झाली. कशाला उकरून काढायचं? मुलांना दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखव, ते खरे आहेत आणि फुकट आहेत.

आणि दाखवायचाच म्हणत असशील तर ती सबटायटलं कशाला? खाली वाचायचं की वर बघायचं? मुलांची मान दुखेल. तेजल कुठपर्यंत आली म्हणालास?

तुझा,
हमीद

*

घोरावाडी,
२० जानेवारी २०२५

आदरणीय हमीदभाई,

तुमचं पत्र मिळालं. एकवीस वेळा पाहूनही एखाद्याला चित्रपट कळू नये, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

माझं भाषण तयार आहे, त्यातले मुद्दे तुमच्यासमोर ठेवतो. पहिला: कप्तान खिडकीतून पृथ्वी बघतो आणि म्हणतो, "पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ, सगळं माझ्या एका नखाखाली मावलं, मग बांधावरून भांडलो कशाला?" आता मावळ तुमच्या पदरचा, एवढं मला समजतं. पण मूळ कल्पना त्या दिग्दर्शकाचीच ना? बांधावरच्या भांडणावर इतकं खोल कुणी बोललंय? दुसरा: पृथ्वीवरून हुकूम येतो, "चला, निघा दोघं." म्हणजे खाली बसलेल्या साहेबांनाही माणुसकी आहे. इतर चित्रपटांत साहेब लोक नेहमी दुष्ट असतात. आणि तिसरा मुद्दा म्हणजे ते वाक्य. चार शब्द आहेत. या चार शब्दांसाठीच मी त्या चित्रपटाला जगातला सर्वोत्तम विज्ञानपट मानतो, आणि हे मी कुठल्याही परदेशी समीक्षकाच्या तोंडावर सांगेन.

तुम्ही ते नुसते सांगितलेत, लिहिले नाहीत, म्हणून तुम्हाला त्यांचं मोल वाटत नसावं. हे टोचेल, पण तुम्हीही मला टोचलंत.

ते वाक्य आम्ही दहा फुटी बॅनरवर छापायला दिलं आहे. पडद्याच्या वर लागेल. तेजलचं अर्ध्याहून जास्त काम झालंय.

प्रमुख पाहुण्यांची खुर्ची तुमचीच आहे.

आपला,
हनुमंत

*

मळवली,
२५ जानेवारी २०२५

तेजल बेटा,
खूप खूप दुआ.

तुझ्या लग्नात मी जिलेबीच्या कढईजवळ बसलो होतो, तोच हा हमीदकाका. हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

तू आता त्या सिनेमात त्या जागी पोचली असशील, किंवा पोचशील. तिथे बाबांचं वाक्य नाही. कधीच नव्हतं. ते मी माईकवर माझ्या मनाने बोललो. नखाखालचा मावळही माझाच. आणि खरं तर तो कप्तान साथीदाराला परत आणतच नाही. दोर कापतो आणि एकटा घरी येतो. मी लोकांना उलटं सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं, पण सांगितलं.

तुझ्या बाबांनी त्यावर एवढी मोठी नोकरी सोडली. रॉकेटचा माणूस झाला असता, तो पोरांच्या वह्या तपासत बसला, माझ्या एका थापेपायी. हे ओझं मी तीसेक वर्षं घेऊन फिरतोय. तो दर ईदला शिरखुर्मा प्यायला येतो आणि तेच वाक्य म्हणतो, तेव्हा मी नुसता वाटी ढवळत बसतो. आता तो दोनशे माणसांपुढे उभा राहून ते वाक्य म्हणणार, आणि वर बॅनर, आणि खाली पडद्यावर तो माणूस दोर कापणार. त्याचं हसं होईल, बेटा. आणि आपलं आयुष्य कशावर उभं केलं हे त्याला सगळ्यांसमोर कळेल.

तू फक्त एवढं कर. त्या जागी ते चार शब्द खाली लिहून टाक. कोण बघतंय?

तुझा,
हमीदकाका

*

पुणे,
१ फेब्रुवारी २०२५

प्रिय हमीदकाका,

अक्षर मोठं करून छापलंय, म्हणजे तुम्हाला चष्मा शोधावा लागणार नाही.

त्या जागी मी पंधरा दिवसांपूर्वीच पोचले. आधी वाटलं, माझ्याकडे चुकीची प्रिंट आली. मग तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले आहे, काका. दहावीत मला कमी मार्क पडले तेव्हाही बाबांनी मला तेच ऐकवलं होतं, आणि ते तिथे कसं लागू पडतं हे मला आजवर कळलेलं नाही. त्यामुळे मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

पण खोटं सबटायटल मी लिहिणार नाही. जे म्हटलं नाही ते लिहायचं तर माझ्या कामाला अर्थ काय? आणि बाबांना मीही सांगणार नाही. हे तुमचं आहे. तुम्हीच सांगा, आणि अठ्ठावीसच्या आधी सांगा.

बॅनर आलाय. बाबांनी घरात लावून पाहिला, भिंत पुरली नाही. शेवटचे 'दोघं' खिडकीवर आले.

तुमची,
तेजल

*

मळवली,
१० फेब्रुवारी २०२५

हनुमंता,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन चुलीत गेली. अफसाना म्हणते, अब्बा, चहा करायला गॅस आहे, कागद कशाला जाळता? तेव्हा हे आता पोस्टात टाकतो.

"निघालो दोघं, परतणार दोघं" हे सिनेमात नाही. माझं आहे.

कसं झालं ते सांगतो. मला इंग्रजी येतं असा मालकाचा समज होता, आणि माझाही होता. पोरवयात मी कार्ल्याच्या लेण्यांवर गोऱ्या लोकांच्या पिशव्या वाहायचो. लेणी बघून झाली की ते सगळे एकच म्हणायचे, "लेट्स गो, लेट्स गो." म्हणजे चला, निघू या. तेवढ्या पुंजीवर मी माईक धरला. सिनेमात त्याचा साथीदार बाहेर दोराला लटकलेला असतो, दोर अडकलेला असतो, आणि पृथ्वीवरून आवाज येतो, "लेट गो. लेट गो." मी माईकवर ओरडलो, "हुकूम आला! चला, निघा दोघं!" मग सगळं शांत, आणि त्या शांततेत पडद्यावर तो दोर कापतो. मी म्हटलं, अडकलेला दोर कापून साथीदाराला मोकळा केला, आता तो मागच्या दाराने आत येतोय. मग यानात डोक्यावर घालायचे दोन टोप टांगलेले दिसतात. मी म्हटलं, बघा, दोन टोप, दोघं आत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बावीस मिनिटं भरायची होती, म्हणून कप्तानाच्या तोंडी ते वाक्य घातलं. मला शपथेवर तसंच वाटत होतं, हनुमंता. दुसरा टोप जास्तीचा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग टॉकीज बंद पडली आणि मी मळवलीत बंगला सांभाळायला लागलो. एक्याण्णव साली शहरातली काही मुलं विसापूरच्या कड्यावर चढायला आली, बंगल्यात उतरली. मी त्यांचा डबा घेऊन कड्याखाली गेलो होतो. त्यांना शिकवणारी बाई खालून ओरडली, "लेट गो! लेट गो!" मला वाटलं, चला, जेवायला निघाले. आणि वरच्या मुलाने हातातला दोर सोडून दिला. मी बाईंना विचारलं, लेट गो म्हणजे निघू या ना? त्या म्हणाल्या, "नाही चाचा, सोड. सोडून दे."

डबा तिथेच ठेवून मी खाली बसलो. तोवर तू सात वर्षं मास्तरकी करत होतास. साहेब म्हणत होते, सोड त्याला. आणि त्याने सोडलं. मी मात्र तुला धरून ठेवलं.

त्याच वेळी यायला हवं होतं. दर वर्षी म्हटलं, पुढच्या ईदला सांगू. मग भागुजी गेला, तेव्हा वाटलं, आता सांगून काय उपयोग. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही. तुझं आयुष्य माझ्या कच्च्या इंग्रजीने वाकडं झालं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर.

बॅनर लावू नकोस. हसतील लोक.

हमीद

*

मळवली,
२२ फेब्रुवारी २०२५

मास्तर,

बारा दिवस झाले. टपाल चार दिवसांत पोचतं हे तूच लिहिलंस. शिव्या दे, पण लिहून दे. मी अठ्ठावीसला येत नाही, माझं तोंड तुला दाखवायची हिंमत नाही. तुझी तब्येत बरी आहे एवढं तरी तेजलकडून कळव.

हमीद

*

घोरावाडी,
२ मार्च २०२५

आदरणीय हमीदभाई,
सलाम आणि सप्रेम जयभीम.

तब्येत बरी आहे. तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी स्टेशनच्या बाकावर बसून वाचलं आणि दोन लोकल जाऊ दिल्या. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी रागावलो होतो असं तुम्हाला वाटलं असेल. राग आला होता, पण तो एक दिवस टिकला. उरलेले दिवस मी घाबरलो होतो. का, ते पुढे येईल. आधी कार्यक्रमाचं सांगतो.

बॅनर लावला. खाली उतरवा म्हणायला मुलांना कारण काय देणार? पण माझं भाषण मी चित्रपटाआधी केलं नाही. म्हटलं, आधी बघू, मग बोलतो. तुमची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी माझी छत्री ठेवली.

पहिल्या पाऊण तासाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. अत्यंत कंटाळवाणा. दाढीच्या वेळी मागच्या रांगेतला एक आजोबा मोठ्याने म्हणाला, "आता आंगूळ बी दाखिवतील." परदेशी समीक्षकांनी हे कसं सहन केलं, कोण जाणे. तिथे खरं तर तुम्ही बोलायला हवं होतं.

पण बावीस मिनिटं! हमीदभाई, त्या बावीस मिनिटांत तुम्ही बोललात याबद्दल मात्र मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. तिथे दोन श्वास ऐकू येतात. आतल्याचा आणि बाहेरच्याचा. दोन्ही वेगवेगळे. आवाज दुसरा नाहीच. तो आत बसून सुरीकडे बघतो, दोराकडे बघतो, पुन्हा सुरीकडे बघतो. मग दोर कापतो, आणि दोन श्वास चालूच राहतात, कारण वायरलेस चालू आहे. बराच वेळ दोन. आणि मग एक. दोनशे माणसांत कुणीही खोकलं नाही. दाढीवर बोलणारे ते आजोबा रुमाल तोंडावर धरून बसले होते. मला आता कळलं त्याला जगाने डोक्यावर का घेतलं. त्या बावीस मिनिटांसाठी घेतलं, आणि बरोबर घेतलं. चित्रपट थोर आहे. आणि आपण लोणावळेकरांनी त्यातलं जे थोर तेच तुमच्या आवाजाखाली बुडवून ऐकलं.

दिवे लागले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, वरती लिहिलेलं वाक्य सिनेमात कुठे होतं?"

मी माईकपाशी गेलो. भाषण खिशात होतं, ते काढलं नाही. मी म्हटलं, हे वाक्य सिनेमात नाही. ते लोणावळ्याचे हमीद तांबोळी बोलले. लोक हसले, पण कुचेष्टेने नाही. तेवढ्यावर मला खाली बसता आलं असतं. पण त्या शांततेत बावीस मिनिटं बसल्यावर माझ्याच्याने लपवणं होईना. मी त्यांना जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमचा हक्क पहिला होता.

हमीदभाई, मी नापास झालो होतो.

निवड झाली नव्हती. रॉकेटच्या केंद्रात लेखी परीक्षा होती. जाताना इंदुरीच्या लोकांनी मला हार घालून, वाजतगाजत स्टेशनवर सोडलं होतं. तिथे पेपर इंग्रजीत आला आणि माझं डोकं बधिर झालं. संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. नाव नव्हतं. दोन दिवसांच्या परतीच्या प्रवासात मी फक्त एवढाच विचार केला की गावाला काय सांगू. घोरावाडीला उतरलो तर भागुजी कुबड्या घेऊन फलाटावर उभा. तो म्हणाला, "काय झालं रं? कवा जायचं हाये?" आणि माझ्या तोंडातून तुमचं वाक्य गेलं. "निघालो दोघं, परतणार दोघं. म्या न्हाई जात." तो फलाटावरच रडायला लागला. आता ते मागे कसं घेणार? मग ते गावात पसरलं, तुमच्याकडे पोचलं, आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं.

तुम्ही ज्या गुन्ह्याची माफी मागता तो घडलाच नाही. 'माफ केलं' असं लिहिणं अगदी सोपं होतं, तुम्ही सुटला असता आणि मीही मोठा ठरलो असतो. तेच लिहावं की काय, असा विचार मी आठ दिवस केला, हेही कबूल करतो. माझं आयुष्य तुमच्या इंग्रजीने वाकडं केलं नाही. माझ्या इंग्रजीने केलं.

एक गोष्ट राहते, ती सुटत नाही. भागुजी मरेपर्यंत म्हणायचा, "माझ्यापायी तू राहिलास." मी एकदाही म्हटलं नाही, की नाही रे, तसं नव्हतं. हे आता कुणाला सांगू?

सभागृहात मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, लोक उठून जातील. ती पुढची मुलगी म्हणाली, "सर, मीपण सहामाहीत नापास झाले." तिच्या आईने तिला चापट मारली. मग सगळेच हसले आणि चहा आला.

तेजल तुम्हाला चित्रपट घरी येऊन दाखवणार आहे. बावीस मिनिटं तोंड बंद ठेवायची अट आहे.

आपला,
हनुमंत

*

मळवली,
८ मार्च २०२५

प्रिय हनुमंता,
सलाम, जयभीम, आणि नापास झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!

पत्र उभ्यानेच वाचलं. त्या शब्दाशी आलो तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो की अफसाना लाटणं हातात घेऊन धावत बाहेर आली. तिला वाटलं, मला काही झालं. मला काही झालं नाही, बेटा, म्हटलं, हनुमंत नापास झाला! ती माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

अरे नालायका, चाळीस वर्षं! तीसेक वर्षं मी तुझ्यासमोर चोरासारखा शिरखुर्मा ढवळत बसलो, आणि तू पलीकडे चोरासारखा पीत बसलास. दोघांतला एक जरी खरं बोलला असता तरी किती ईद गोड गेल्या असत्या. पण जाऊ दे. मला राग आणायचा आहे, तो येतच नाही. आज छातीवरून धोंडा उतरल्यासारखं वाटतंय. तुझं वाकडं मी केलं नाही. मी केलं नाही, हनुमंता! पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

भागुजीचं विचारलंस. मला जे वाटतं ते सांगतो, पटलं तर घे. तू नापास झालास, ते एका परीक्षेत. त्यानंतर पुण्याला कारखाने होते, मुंबई होती. इंदुरीतली तुझ्या वयाची निम्मी पोरं गेली. तुला कुणी धरलं होतं? तू घोरावाडीत खोली घेतलीस, त्याला इंदुरीहून आणलंस, तो जाईपर्यंत एका ताटात जेवलात. त्याला आंघोळीला पाटावर तू बसवायचास, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा "माझ्यापायी राहिलास" असं तो म्हणत होता, त्यात फक्त तारीख चुकली होती. बाकी तो बरोबर बोलत होता. खोटं तू फलाटावर एकदा बोललास, आणि मग ते रोज खरं करत बसलास. मी तर माझं कधी खरं केलं नाही.

आणि माझ्या आवाजाबद्दल तू लिहिलंस ते लागलं, पण खरं आहे. मशीनच्या खोलीत घरघर असायची, त्यात मला ते श्वास कधी ऐकूच आले नाहीत. मला वाटलं, आवाज गेलाय, भरून काढू. जे आधीच भरलेलं होतं ते मी भरत बसलो. सिनेमा थोर आहे हे तुझ्या शब्दावर मान्य करतो. दाढी मात्र मान्य नाही.

आता आजची हकीकत. लोणावळ्यात पेढे मिळायला दुकानं पालथी घालावी लागतात, जिथे तिथे चिक्की, आणि चिक्कीला माझ्याकडे दात नाहीत. तरी मिळवले. गल्लीत दारोदार वाटले. शेजारच्या धोंडाबाईंनी पेढा घेतला आणि अफसानाला विचारलं, "कोण पास झालं गं?"

अफसाना म्हणाली, "पास न्हाई, मावशी. अब्बांचे दोस्त नापास झाले."

"आगं बया! कवा?"

"चौऱ्याऐंशी साली."

धोंडाबाईंनी जरा विचार केला. मग डब्यातला दुसरा पेढा उचलला आणि माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "लय उशिरा कळीवलं की!"

मी म्हटलं, "व्हय मावशी, लय उशिरा. पण बातमी लय चांगली हाये."

तुझा,
हमीद